अरबीची पदवी घेताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला व्यासपीठावर बसवलेत याबद्दल आधी आपले आभार मानते. खरे म्हणजे या सभागृहातली माझी जागा समोरच्या सतरंजीवरची. आईचा पदर धरून मी येथे हळदीकुंकवाला येत असे आणि वाटलेल्या डाळीतला मोठा वाटा मिळावा म्हणून पुढे सरकून बसत असे. त्या वेळी ज्यांनी मला दटावले त्यांपैकी तिघी आज पहिल्या रांगेत आहेत. त्यांच्यासमोर भाषण करायचे म्हणजे धीर लागतो.

चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : मुलीने अरबी भाषेची पदवी घ्यावी का, आणि घ्यायची तर कोठे व कशी पारखून घ्यावी. हा विषय एरवी कोणाला सुचला नसता. पण आपल्यातल्या एका भगिनीच्या मुलीने बारावीनंतर अरबी भाषा आणि संस्कृती हाच विषय घ्यायचे मनाशी ठरवले आहे. घरात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "हे काय खूळ?" आणि दुसरा म्हणतो, "आखातात नोकरी मिळेल, जाऊ दे." माझ्या मते दोन्ही तटांचे थोडे चुकते आहे. ते कसे, हे मी माझ्याच अनुभवावरून सांगणार आहे. उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही, पण ठेचा मात्र पुष्कळ खाल्ल्या आहेत.

माझ्या अरबीची सुरुवात एका कागदापासून झाली. माझे मामा आखातातल्या एका देशात अठरा वर्षे फिटर होते. २००१ साली ते कायमचे परत आले, तेव्हा अठरा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी त्यांच्या हाती पडली नव्हती. होता तो एक शिक्क्याचा कागद. तो उलगडून सगळे घर त्याभोवती बसले. मामांनी खाली सही केलेली होती, पण वर काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटच्या दिवशी विमानाची घाई होती, कोणी तरी बोट ठेवून दाखवले आणि त्यांनी सही केली.

आजोबा तो कागद घेऊन गावातल्या मौलवीसाहेबांकडे गेले. मीही बरोबर होते. त्यांनी चष्मा लावून सगळा मजकूर खणखणीत वाचून दाखवला आणि मग कागद खाली ठेवून प्रामाणिकपणे म्हणाले, "बुवा, अक्षर मी वाचतो. कुराणशरीफ मला पाठ आहे. पण ही कचेरीची भाषा. हिचा अर्थ सांगताना माझ्याकडून चूक झाली तर तुमचे नुकसान व्हायचे." मला त्या माणसाविषयी तेव्हा जो आदर वाटला तो आजही आहे. आणि वाचता येणे व समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा अरबीचा पहिला धडा मला त्यांच्याच ओटीवर मिळाला.

त्या वर्षी मी बारावीला होते. अरबी शिकेन असे मी घरी सांगितले. वडील म्हणाले, "बी. कॉम. कर." शेजारच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारले, "अहो, ती त्यांची भाषा. आपल्या मुलीला कशाला?" आईने उत्तर दिले नाही. ते उत्तर पुढे मला सापडले, ते येथेच सांगून टाकते.

काकू, आपण घराला कुलूप घालतो, खुर्चीवर बसतो, दुकानात जातो, वकिलाकडे अर्ज लिहून घेतो, तारीख विचारतो. यांतले कुलूप, खुर्ची, दुकान, वकील, अर्ज, तारीख हे सारे शब्द मूळचे अरबी. महसूल, हासील आणि तहसील ही तर एकाच धातूची भावंडे. शेतकऱ्याचे खरीप म्हणजे अरबीतला शरद ऋतू आणि रब्बी म्हणजे वसंत. मोसमी वाऱ्यांतला मोसमही तिकडचाच. ओमानच्या दक्षिणेला सलाला नावाचे शहर आहे. आपल्या कोकणावर पाऊस घेऊन येणारे नैऋत्येचे वारे त्या किनाऱ्यालाही लागतात, डोंगर हिरवे होतात आणि तेथील लोक त्या दिवसांना 'खरीफ'च म्हणतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. म्हणजे ते शब्द आपल्या कारभारात किती खोल मुरले होते हे त्यावरूनच कळते.

आणि हा व्यवहार एकतर्फी नाही. आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे इराणमार्गे अरबस्तानात गेले आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्यांना अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून वसवले. आजही अरब मुले त्या गोष्टी वाचतात. अल्-बीरूनी संस्कृत शिकला आणि सुमारे १०३० साली त्याने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ अरबीत लिहिला. 'हिंद' हे तर अरब मुलींचे जुने, आवडते नाव. शिवाय अरबी ही एकाच धर्माची भाषा नव्हे. वि. स. खांडेकरांनी ज्याच्या रूपककथा मराठीत आणल्या तो खलील जिब्रान लेबनॉनचा ख्रिस्ती होता आणि त्याचे सुरुवातीचे लेखन अरबीत आहे. उलट, जगातल्या बहुसंख्य मुसलमानांची मातृभाषा अरबी नाही. तेव्हा "त्यांची भाषा" म्हणताना 'ते' कोण, हे आधी ठरवावे लागेल.

आता माझ्या पहिल्या ठेचेकडे येते. मी पदवीचे नाव पाहून प्रवेश घेतला. माहितीपत्रकावर 'अरबी' असे छापलेले होते, तेवढ्यावर मी भुलले. कॉलेज कोणते ते सांगत नाही, दोष माझा होता. तेथे अरबी हा दुय्यम विषय होता, आठवड्याला चार तास. वर्ष संपले तेव्हा मला अठ्ठावीस अक्षरे, थोडे व्याकरण आणि पाठ केलेले दहा-बारा उतारे येत होते. मामांच्या कागदातली एक ओळही लागत नव्हती.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा : आठवड्याला भाषेचे तास किती? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती पक्की अरबी येण्यास वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, असा तिचा हिशेब आहे. आपल्याला थोडे कमी लागतील असे धरू, शब्द ओळखीचे आहेत म्हणून. पण आठवड्याला ४ तास, वर्षाचे ३० आठवडे, अशी ३ वर्षे म्हटली तर होतात ३६० तास. आठवड्याला १५ तास असतील तर होतात १३५०. दोन्ही ठिकाणी मिळणाऱ्या कागदावर 'बी. ए.' हीच अक्षरे असतात. घरी आपण भाजी घेताना जुडी हातात घेऊन पाहतो. पदवी घेतानाही वेळापत्रक हातात घेऊन पाहावे.

वर्ष वाया गेल्यावर मी दिल्लीला जायचे ठरवले. तेथपर्यंतचे भाडे आणि पहिल्या महिन्याची खाणावळ यांसाठी घरात पैसे नव्हते. तेव्हा या मंडळाने पापड-मसाल्याच्या विक्रीतून साठवलेल्या शिक्षणनिधीतून मला तीन हजार रुपये दिले. ठरावाच्या वेळी काही भगिनींनी विरोध केला होता हेही मला ठाऊक आहे. त्यांचा विरोध रास्त होता. एकदा फसलेल्या मुलीला पुन्हा पैसे का द्यावे, असे कोणालाही वाटेल.

दिल्लीच्या वर्गात पहिल्या दिवशी मला रडू कोसळले. बहुतेक मुले केरळची, नाही तर उत्तर प्रदेश-बिहारच्या मदरशांतून आलेली. त्यांनी आठ-दहा वर्षे अरबी वाचलेली होती आणि मी अजून अक्षरे जोडत होते. अरबीत अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी निरनिराळे रूप घेते, आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. 'क-त-ब' एवढे लिहिलेले असते, ते 'कतब' म्हणजे त्याने लिहिले, की 'कुतुब' म्हणजे पुस्तके, हे वाक्यावरून ओळखायचे. केरळची एक मुलगी माझ्या शेजारी बसत असे. ती रोज रात्री माझ्याकडून एक पान मोठ्याने वाचून घेई आणि मी तिला हिंदी शिकवी. सहा महिन्यांनी मला वर्गाबरोबर चालता येऊ लागले.

यावरून दुसरा प्रश्न : हा अभ्यासक्रम अगदी शून्यापासून शिकवतो का, आणि वर्गात मुले कोठून येतात? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात नवशिक्यांना पहिल्या अक्षरापासून अरबीच्या बी. ए. ला घेतात. हैदराबादेस इंग्रजी आणि परकीय भाषांचे विद्यापीठ आहे, तेथेही अरबी शिकवतात. दिल्ली विद्यापीठ, जामिया आणि अलीगढ येथे अरबीचे जुने विभाग आहेत आणि आपल्या मुंबई विद्यापीठातही अरबीचा विभाग आहे. केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून पदवीच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षा आली आहे, तिचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत बसल्यास हुकतो. प्रत्येक ठिकाणी जाऊन, निदान फोन करून, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीशी बोलावे. ती जे सांगते ते माहितीपत्रकात छापलेले नसते.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी घरी आले आणि मामांचा कागद मागितला. शब्दकोश जवळ घेऊन दोन तास बसले. त्यात एक शब्द होता, 'मुस्तहक्कात'. म्हणजे देणे लागणारी रक्कम. त्याच्या पोटात आपला 'हक्क' हाच शब्द आहे. पूर्ण वाक्याचा अर्थ असा होता : माझे सर्व येणे मला मिळाले असून यापुढे माझी कोणतीही मागणी उरलेली नाही. मी ते मामांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी माझ्या हातानेच लिहून दिले होते." पैसे परत मिळाले नाहीत. पण त्यानंतर आळीतला जो कोणी आखातात निघाला, त्याला मामांनी स्वतः माझ्याकडे कागद घेऊन पाठवले. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत ८० लाखांहून अधिक भारतीय आहेत. त्यांच्यातल्या किती जणांनी न वाचता सही केली असेल, हे मनात आले की मला झोप लागत नसे.

यापुढची ठेच सर्वांत मोठी, आणि ती पदवी हाती आल्यावर लागली. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मी दुभाषी म्हणून रुजू झाले. ओमान, येमेन, इराक येथून पुष्कळ रुग्ण उपचारासाठी आपल्याकडे येतात. मला वाटले, मी जुन्या कविता लावते, वर्तमानपत्र वाचते, मला काय अवघड? पहिल्याच आठवड्यात इराकहून आलेल्या एका आजींची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी एका गोळीचे नाव घेऊन विचारले, "ही घेता का?" आजी म्हणाल्या, "हस्सा मा आखुज." मला 'मा आखुज' कळले : घेत नाही. 'हस्सा' ऐकून मला 'हस्सासिय्या' आठवले, म्हणजे ॲलर्जी. मी डॉक्टरांना सांगितले, "ॲलर्जी आहे, म्हणून घेत नाहीत." त्यांनी कागदावर लिहायला लाल पेन उचलले.

अरबीत दोन 'ह' आहेत. एक आपल्यासारखा हलका आणि दुसरा घशातून काढायचा. आजींचा 'ह' हलका होता आणि ॲलर्जीतला घशातला असतो. लाल पेन पाहताच माझ्या मनात शंका आली. मी डॉक्टरांना थांबवले आणि आजींना पुस्तकी भाषेत विचारले, "अल्-आन?" म्हणजे 'आता?' आजी हसल्या आणि म्हणाल्या, "ई, हस्सा." म्हणजे 'हो, आता.' इराकी बोलीत 'हस्सा' म्हणजे 'आता'. आता घेत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शस्त्रक्रियेपूर्वी दोन दिवस ती गोळी बंद करायला त्यांना सांगितलेले होते. माझ्या एका शब्दाने त्या बाईंच्या कागदावर कायमची खोटी नोंद झाली असती.

भगिनींनो, त्या रात्री मी घरी येऊन वही काढली आणि 'आता' हा एकच शब्द लिहिला. पुस्तकात 'अल्-आन', इजिप्तमध्ये 'दिलवअ्ती', सीरिया-लेबनॉनकडे 'हल्लअ्', आखातात 'अल्-हीन', मोरोक्कोत 'दाबा' आणि इराकात 'हस्सा'. अरब लीगमध्ये २२ देश आहेत. वर्तमानपत्र, बातम्या, करार, भाषणे यांची भाषा सगळीकडे एक, तिला 'फुस्हा' म्हणतात. पण आई मुलाशी जी बोलते, आणि आजारी माणूस जिच्यात कण्हतो, ती प्रत्येक मुलखाची बोली निराळी.

म्हणून तिसरा प्रश्न : कोणती अरबी शिकवणार? फुस्हा हवीच, तिच्यावाचून पाया नाही. पण तिच्या जोडीला एखादी बोली शिकवतात का, आणि ती बोलणारे शिक्षक आहेत का, हे विचारावे. मुलीला कोठे काम करायचे आहे त्यावर बोली ठरवावी. ओमानच्या रुग्णांसाठी आखाती, चित्रपट आणि नाटकांसाठी इजिप्तची. युरोपातल्या विद्यापीठांत पुष्कळ ठिकाणी पदवीतच काही महिने किंवा एक वर्ष अरब देशात राहण्याची सोय असते. पूर्वी विद्यार्थी दमास्कसला जात. २०११ साली सीरियात युद्ध पेटल्यावर ते अम्मानकडे वळले. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत अशी सोय बांधलेली नसते. ती उणीव सुट्टीत, शिष्यवृत्ती काढून, किंवा आपल्या शहरात आलेल्या अरब विद्यार्थ्यांशी ओळख करून भरून काढावी लागते. मी ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर चहा पीत भरून काढली. अरबांत पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, आणि आपण चुकीचे बोललो तर त्यांना राग न येता आनंद होतो.

चौथा आणि शेवटचा प्रश्न : 'संस्कृती' या शब्दाखाली काय शिकवतात? काही ठिकाणी केवळ जुने काव्य आणि व्याकरण, काही ठिकाणी केवळ आजचे राजकारण. दोन्ही हवे. आपल्या घरी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' वाचून आपण मोठ्या झालो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या त्या गोष्टी इंग्रजीवरून आल्या होत्या. त्या वाचून अरब म्हणजे गालिचे आणि दिवे अशी समजूत होते. पण नगीब महफूज यांना १९८८ साली नोबेल मिळाले ते कैरोच्या गल्लीबोळांतल्या साध्या माणसांविषयी लिहिणाऱ्या लेखकाला. आणि २०१९ साली मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळवणाऱ्या ओमानच्या जोखा अल्हार्सी या बाईंची कादंबरी तीन बहिणींची आहे. एका खेड्यातल्या बहिणी, त्यांची लग्ने आणि घरात वर्षानुवर्षे दाबून ठेवलेल्या गोष्टी. ती वाचताना मला आपल्याच आळीतली घरे दिसली. मोरोक्कोतल्या फेज शहरात 'करवीयीन' नावाची मशीद आणि विद्यापीठ आहे. ते ८५९ साली फातिमा अल्-फिहरी या बाईंनी स्थापन केले असे परंपरा सांगते. हे शिकवणाऱ्या वर्गात मुलीला बसवा.

आता पैशाचे. नुसत्या पदवीवर आखातात नोकरी ठेवलेली असते ही समजूत काढून टाकावी. तेथे अरबी बोलणारे अरबच पुष्कळ आहेत. भाषेच्या जोडीला दुसरे काही हवे : कायदा, हिशेब, रुग्णसेवा, प्रवासव्यवसाय किंवा अध्यापन. आपल्या परराष्ट्र सेवेतल्या नव्या अधिकाऱ्यांना एक परकी भाषा शिकावी लागते, त्यांत अरबी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत १९७३ पासून तिला स्थान आहे. दारे आहेत, पण किल्ली दोन दात्यांची लागते.

तेव्हा त्या मुलीच्या आईला मी सांगेन : "खूळ" म्हणून अडवू नका आणि "नोकरी" म्हणून ढकलूही नका. तिला चार प्रश्न कागदावर लिहून द्या आणि उत्तरे तिलाच आणू द्या. उत्तरे आणता आणता तिची आवड टिकली, तर ती खरी समजा.

शेवटी एक हिशेब द्यायचा राहिला आहे. मंडळाचे तीन हजार रुपये मी फेडले तेव्हा खजिनदारबाई म्हणाल्या होत्या, "हे कर्ज नव्हते, देणगी होती." पण निधी आटता कामा नये. त्या वेळी ज्या भगिनींनी विरोध केला, त्यांच्या शंकेने मला दिल्लीत रोज पहाटे उठवले, त्यांचेही आभार. यंदा त्या मुलीच्या प्रवेशासाठी निधीतून काही द्यावे असा ठराव आला, तर त्यात माझा वाटा म्हणून दहा हजार रुपये मी आजच चिटणीसबाईंकडे देत आहे. अट एकच : पैसे देण्यापूर्वी तिने वेळापत्रक आणून दाखवावे.